वणवा विझवायचा तर जानेवारीत

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ७९ क्रमांकाचं एक कलम आहे. सरकारी जंगलात ज्याला गुरं चारण्याचा, लाकूडफाटा आणण्याचा किंवा वनोपज गोळा करण्याचा हक्क आहे, त्याने वणवा लागल्याचं कळताच वनाधिकाऱ्याला वर्दी द्यावी आणि कुणी सांगो वा न सांगो, आग विझवायला लागावं, असं हे कलम बजावतं. हयगय केली तर महिनाभरापर्यंत कैद, दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जंगलाकाठच्या माणसाने आगीत उतरायचं, हे कायद्याने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं आहे. त्याने अंगावर काय घालून उतरायचं, हातात काय घ्यायचं, कुणाचं ऐकायचं आणि होरपळला तर घरच्यांनी कुणाच्या दारात जायचं, याबद्दल मात्र कलम गप्प आहे.

एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा मृत्यू झाला. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या पथकातले चौघे होरपळून गेले. त्यांत नोकरीतला वनरक्षक होता, तशी रोजंदारीवरची आणि हंगामी माणसंही होती. देशात कुठेही वणवा लागला की पहिली फळी अशीच उभी राहते: एखाद-दुसरा वनरक्षक, चार-दोन हंगामी मजूर आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून धावून आलेली पोरं.

धावून येणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. ती माणसं तयार असतात का, हा प्रश्न आहे. आग लागल्यावर त्यांचा गौरव करायचा आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा त्यांना रिकाम्या हाताने डोंगरावर पाठवायचं, हा शिरस्ता मोडायला हवा. त्यासाठी जंगलाकाठच्या गावागावात शिकवलेली, साधनं दिलेली आणि विमा उतरवलेली पथकं हवीत. आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग आग लागण्याच्या आधीच उरकलेला असायला हवा.

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम साधारणपणे १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारांवर पावसाळ्यात वाढलेलं गवत दिवाळीनंतर पिवळं पडू लागतं आणि संक्रांत उलटली की कडकडीत वाळतं. विदर्भात पानगळीच्या जंगलात जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो. मग एक ठिणगी पुरते. ती बहुतेक वेळा आभाळातून पडत नाही. आपल्याकडचे जवळजवळ सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात, हे वनखात्याचे अधिकारीही सांगतात आणि अभ्यासकही.

कारणं गावागणिक बदलतात. गडचिरोली-गोंदियाकडे मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला कोवळी, चांगली पालवी फुटावी म्हणून झुडपांना आग लावली जाते. मावळात आणि कोकणात भाताच्या राबासाठी भाजावळ होते आणि वाऱ्याने ती कधीकधी बांध ओलांडून रानात जाते. जाळलं की पुढच्या साली गवत जोमाने येतं, हा समज घाटमाथ्यावर पक्का आहे. शिकारीसाठी रान उठवणारे असतात, जमिनीवर डोळा ठेवून झाडोरा संपवणारे असतात, आणि शनिवार-रविवारी किल्ल्यावर मुक्कामाला जाऊन शेकोटी धुमसत ठेवून उतरणारे शहरी हौशीही असतात. यातली बहुतेक आग ठरावीक दिवसांत, ठरावीक जागी आणि ठरावीक कामासाठी लागते. म्हणूनच ती आधी अडवता येते.

लागल्यावर अडवणं किती कठीण असतं, याची कल्पना सपाटीवर राहून येत नाही. उतारावरची आग खालून वर धावते. ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून, वाळवून ठेवतात. चढ दर दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातल्या आग-अभ्यासकांचा ठोकताळा आहे. त्यात भर दुपारी दरीतून वर चढणारा वारा असतो. त्यामुळे आगीच्या वरच्या अंगाला, वाळल्या गवतात उभं राहणं म्हणजे मरणाच्या वाटेत उभं राहणं. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर गिर्यारोहणाला गेलेले लोक अशाच उतारावर वणव्यात सापडले. २३ जणांचा जीव गेला.

आपल्याकडे वणव्याशी लढण्याचं सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे हिरव्या पानांची डहाळी. आगीच्या कडेने चालत ज्वाळेवर ती आपटायची, ठिणग्या जळलेल्या बाजूला ढकलायच्या. गवताची आग गुडघ्याएवढी असेल तर ती दबते. कमरेच्या वर गेली की डहाळी धरणाऱ्याचे हात भाजतात आणि दम कोंडतो. अलीकडे वनखात्याने पाठीवर घ्यायचे ब्लोअर आणले आहेत. पेट्रोलवर चालणारं हे यंत्र वाऱ्याच्या झोताने पाचोळा बाजूला उडवतं आणि आगीच्या पुढ्यात उघड्या मातीचा पट्टा तयार करतं. पण ब्लोअरवाल्याच्या मागे दाताळं, फावडं आणि पाणी घेतलेली आणखी दोघं-तिघं लागतात, नाहीतर मागे राहिलेला एखादा धुमसता ओंडका तासाभराने पुन्हा पेट घेतो. अंगावर सुती कपडे हवेत. नायलॉनचा टी-शर्ट आगीच्या धगीने वितळून कातडीला चिकटतो. पायात स्लिपर घालून आगीवर जाणारी पोरं प्रत्येक डोंगरी तालुक्यात दिसतात.

हे सगळं दोन दिवसांत शिकवता येतं. ते शिकवण्याची पद्धतशीर व्यवस्था कशी उभी राहते, हे पाहायला थोडं लांब जावं लागेल.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीत मोठा भूकंप झाला. सरकारी यंत्रणा पोहोचायच्या आत सामान्य माणसं ढिगाऱ्यांवर चढली आणि हातांनी विटा-सिमेंट उपसू लागली. त्यांनी सुमारे आठशे जणांना जिवंत बाहेर काढलं. आणि हे करताना शंभरहून अधिक मदतकर्ते स्वतःच गाडले गेले. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहराच्या अग्निशमन दलाने या घटनेतून एक साधा हिशेब मांडला: मोठ्या आपत्तीत लोक मदतीला धावणारच, त्यांना थांबवता येत नाही, मग त्यांना आधीच शिकवून ठेवावं. त्यातून सामुदायिक आपत्कालीन प्रतिसाद पथकं निघाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘सर्ट’ म्हणतात. १९९३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे ‘फेमा’ने, हा अभ्यासक्रम देशभर नेला.

मूळ प्रशिक्षण अवघ्या वीसेक तासांचं. गॅसचा कॉक आणि विजेचा मुख्य खटका बंद कसा करायचा, जखमींपैकी आधी कुणाला हात लावायचा, हलका ढिगारा कसा उचलायचा, पथकात हुकूम कुणाचा चालतो, हे त्यात येतं. हिरवं हेल्मेट, हिरवं जाकीट, हातमोजे, शिट्टी, टॉर्च असा संच मिळतो. त्यातला आगीचा धडा फार बोलका आहे. स्वयंसेवकाने हात घालायचा तो फक्त छोट्या आगीत. जोडीदाराशिवाय जायचं नाही. मागे पळायची वाट मोकळी आहे ना, ते आधी बघायचं. आणि अग्निशामक नळकांड्याने पाच सेकंदांत आग हटली नाही, तर तिथून निघायचं. शौर्याच्या गोष्टी सांगणारा हा अभ्यासक्रम नाही. कुठे थांबायचं, हे तो शिकवतो, आणि आपल्याकडे नेमकं हेच कुणी शिकवत नाही.

मग कॅलिफोर्नियातल्या वणव्यांत हे स्वयंसेवक करतात तरी काय? ज्वाळांशी झुंजणं हे त्यांचं काम नव्हेच. रस्ते अडवणं, वाट दाखवणं, निवारा छावण्यांत नोंदी घेणं, बिनतारी यंत्रावर निरोप पोहोचवणं, जनावरं हलवणं, आणि गल्लीतल्या कोणत्या घरात एकटं म्हातारं माणूस राहतं हे ठाऊक असणं, ही त्यांची कामं. शेवटचं काम सगळ्यात मोलाचं. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी पॅरडाइज नावाचं गाव काही तासांत जळून गेलं, ८५ माणसं गेली आणि त्यांत बहुसंख्य वृद्ध होती. गावाने विभागवार स्थलांतराचा आराखडा आधी केलेला होता. पण सगळे विभाग एकाच वेळी बाहेर पडले आणि रस्ते तुंबले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगींनी मिळून सोळा हजारांहून अधिक बांधकामं गिळली, एकतीस माणसं दगावली. ईटन आगीच्या वाटेतल्या अल्टाडिना या वस्तीच्या पश्चिम भागात घरं सोडण्याचा आदेश पोहोचायला पहाट झाली, आणि ईटन आगीतले बहुतेक मृत्यू त्याच भागात झाले. जगातल्या सर्वांत सुसज्ज अग्निशमन दलांपैकी एकाच्या हद्दीत हे घडलं. यंत्रणा कितीही मोठी असली तरी पहिले दोन तास शेजाऱ्यांच्याच हाती असतात, एवढं त्यातून घ्यावं.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट आणखी पुढची. तिथे रानातली आग विझवण्याचा मुख्य भार पगारी जवानांवर नसतो, स्वयंसेवकांवरच असतो. एकट्या न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन सेवेत सुमारे सत्तर हजार स्वयंसेवक आहेत. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, सुतार अशी ती माणसं. त्यांना गणवेश, बंब, प्रशिक्षण आणि कायद्याचं संरक्षण मिळतं. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यात १७३ जण वणव्यांत गेल्यावर चौकशी आयोग बसला आणि ‘घरात थांबून घर वाचवा किंवा लवकर निघा’ हे तिथलं जुनं धोरण तपासलं गेलं. सर्वांत घातक दिवशी घर सोडून जाणं हाच सुरक्षित उपाय, हे लोकांना उघडपणे सांगितलं जाऊ लागलं.

२०१९ च्या अखेरीस तिथल्या आगी महिनोन्‌महिने थांबेनात, तेव्हा एक वेगळाच प्रश्न पुढे आला. स्वयंसेवक आठवड्यामागून आठवडे आगीवर होते आणि त्यांचे धंदे बंद पडले होते. शेवटी केंद्र सरकारने दहा दिवसांहून जास्त काम केलेल्या, स्वतःचा किंवा छोट्या उद्योगातला रोजगार बुडालेल्या स्वयंसेवकांना दिवसाला तीनशे डॉलर, जास्तीत जास्त सहा हजार डॉलर, भरपाई द्यायचं ठरवलं. स्वयंसेवेला पैशाचा विटाळ नको, असं म्हणणारे तिथेही होते. पण ज्याची चूल रोजावर पेटते, त्याला तीन दिवस डोंगरावर ठेवून घ्यायचं तर रोज कोण देणार, हा प्रश्न गडचिरोलीत आणि पाटणच्या खोऱ्यात जास्तच टोचणारा आहे.

परदेशी उदाहरणं पुष्कळ झाली. या बाबतीत आपल्या देशातही शिकण्यासारखं आहे, आणि ते बंब-गणवेशाच्या आधीचं आहे.

उत्तराखंडच्या अल्मोडा जिल्ह्यात, म्हणजे बिनसर ज्या जिल्ह्यात आहे तिथेच, शीतलाखेत नावाचं गाव आहे. चिड-पाइनच्या जंगलांत दर उन्हाळ्यात आग लागायची आणि तिचं एक मोठं कारण गावातच होतं. पेरणीआधी शेतातलं तण, काटक्या, झुडपं गोळा करून जाळायची पहाडात रीत आहे, तिला ‘ओण’ म्हणतात. एप्रिल-मेच्या वाऱ्यात ओणाची ठिणगी पाइनच्या वाळल्या पानांवर गेली की डोंगर पेटायचा. शीतलाखेतच्या परिसरातल्या गावांनी, तिथल्या महिला मंगल दलांनी पुढाकार घेऊन, एक साधा नियम केला: ओण जाळायचा तो ३१ मार्चच्या आत, थंडी असताना, शेजाऱ्यांच्या देखत. १ एप्रिलला ‘ओण दिवस’ पाळला जाऊ लागला. आग लागलीच तर बायका-पुरुष मिळून जातात, वनखात्याची माणसं बरोबर असतात. उत्तराखंड सरकार आता हा नमुना इतर जिल्ह्यांत न्यायला बघतं आहे. कुणाचीही परंपरा त्यात मोडली गेली नाही, फक्त तारीख अलीकडे आणली.

महाराष्ट्रातलं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं. वनहक्क कायद्यानुसार २०१२ मध्ये या छोट्या गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने बसून नियम केले आणि त्यात तेंदूपानं न तोडण्याचा निर्णय घेतला. विदर्भात तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. पण तेंदूसाठी झाडं छाटावी लागतात आणि रानाला आग लावावी लागते, म्हणून गावाने तो पैसा सोडला आणि बांबूवर भर दिला. ज्येष्ठ पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल आवर्जून लिहिलं आहे. पाचगावला कुणी आग विझवण्याचं यंत्र आधी दिलं नाही. रान आपलं आहे, याचा कागद दिला. वणवा रोखण्याच्या चर्चेत हा कागद कधी येतच नाही. चर्चा हेलिकॉप्टरवर सुरू होते आणि हेलिकॉप्टरवरच संपते.

हेलिकॉप्टरची गोष्टही घ्यायला हवी. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर आगी लागल्या. सत्तरी तालुक्यातल्या साट्रेच्या डोंगराचं नाव तेव्हा देशभर गेलं. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली, खाली लटकवलेल्या प्रचंड बादलीतून त्यांनी पाणी ओतलं. दूरचित्रवाणीवर ती दृश्यं दिसली, डोंगराच्या कड्याकपारीत उतरून पाचोळा ओढणारे वनकर्मचारी आणि गावातली पोरं फारशी दिसली नाहीत. हवेतून पाणी टाकल्यावर आगीचा जोर कमी होतो. पण बुंध्यात आणि ओंडक्यांत धुमसणारे निखारे शेवटी माणसालाच जाऊन विझवावे लागतात.

उपग्रहाचंही तसंच. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहावरून वणव्याच्या सूचना देते. आज ३७५ मीटरच्या चौकोनापर्यंत जागा सांगता येते आणि नाव नोंदवलं तर कुणाही नागरिकाला त्या सूचना मोबाइलवर मिळतात. ही सोय उत्तम आहे. पण उपग्रह डोक्यावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातो. दुपारी तीनला लागलेल्या गवताच्या आगीचा निरोप येईपर्यंत अर्धा डोंगर काळा झालेला असू शकतो. पदरावर गुरं घेऊन गेलेल्या गुराख्याला धूर आधी दिसतो. त्याच्या मोबाइलमध्ये वनरक्षकाचा नंबर आहे का, आणि तो नंबर उचलला जातो का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

सरकारकडे स्वयंसेवकांची योजना नाही, असंही नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना आणली. सुरुवातीला ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सहा हजार स्वयंसेवक, पुढे २०२१ पासून ३५० जिल्ह्यांत एक लाख. बारा दिवसांचं प्रशिक्षण, आपत्कालीन साहित्याचा संच, विमा. आराखडा चांगला आहे. पण त्या विस्ताराचे जिल्हे ज्या आपत्तींवरून निवडले गेले त्या चार: पूर, भूस्खलन, चक्रीवादळ आणि भूकंप. वणवा त्या यादीत नव्हता. भारतीय वन सर्वेक्षणाच्याच २०१९ च्या अहवालानुसार देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादनाला वारंवार आगीचा धोका आहे. तरीही आपत्ती म्हटली की डोळ्यापुढे पाणी येतं, आग येत नाही. अलीकडे केंद्राने वणव्यांच्या जोखमीसाठी महाराष्ट्रासह १९ राज्यांतल्या १४४ जिल्ह्यांकरिता सुमारे ८१९ कोटींची वेगळी योजना मंजूर केली आहे. हा पैसा नुसत्या वाहनांत, मनोऱ्यांत आणि यंत्रांत जिरणार की गावातल्या माणसापर्यंत पोहोचणार, यावर लक्ष ठेवायला हवं.

महाराष्ट्रात तर या पथकांसाठी माणसं शोधायचीही गरज नाही. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी मंडळं वर्षानुवर्षं दऱ्याखोऱ्यांत अडकलेल्यांना बाहेर काढत आहेत. जुलै २०२३ मध्ये इरशाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा रात्रीच्या पावसात चिखलाची चढण चढून जाणाऱ्यांत आसपासचे गिर्यारोहक होते. डोंगरी गावांत संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आहेत, वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आहेत, महिला बचत गट आहेत. दोर लावायला शिकलेल्या पोरांना आगीची रीत शिकवली, कागदावरच्या समितीला एक ब्लोअर आणि आठ दाताळी दिली, बचत गटाला मोहाच्या झाडाखाली पसरायच्या जाळ्या दिल्या, तर सुरुवात झाली. मोहाचं फूल जाळीवर पडलं की पाचोळा पेटवायची गरजच उरत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा की आग विझवणं सरकारचं काम. ते लोकांच्या गळ्यात मारलं की रिक्त पदं न भरायला सरकार मोकळं. हा धोका खरा आहे. गावचं पथक हे वनरक्षकाच्या जागी नसावं, त्याच्या जोडीला असावं, आणि पथक आहे म्हणून हंगामी फायर वॉचरची संख्या एकानेही कमी होता कामा नये. दुसरा आक्षेप असा की अर्धवट शिकलेले हौशी आगीत मध्येच येतात आणि त्यांनाच वाचवत बसावं लागतं. तोही खरा आहे. म्हणूनच नोंदणी हवी, ओळखपत्र हवं, आणि आगीच्या जागी हुकूम एकाचाच, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने नेमलेल्या माणसाचा, चालायला हवा. ज्याने प्रशिक्षण घेतलं नाही त्याने खाली वस्तीत थांबून पाणी, निरोप आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे बघावं. शहरातून व्हॉट्सॲपचा निरोप वाचून गाड्या काढणाऱ्यांनाही हाच नियम लागू.

विम्यावर मात्र वाद नको. कायदा ज्याला आग विझवायला बांधून घेतो, त्याच्या जिवाची आणि जखमेची जबाबदारी सरकारने आधी घ्यायला हवी. नोंदणीकृत पथकातल्या प्रत्येकाचा अपघात विमा, भाजल्यावर उपचाराचा पूर्ण खर्च आणि आगीवर गेलेल्या दिवसाचा रोज, एवढं राज्य सरकारला एका शासन निर्णयाने करता येण्यासारखं आहे. एखाद्या जिल्ह्यातल्या शे-दोनशे गावांत हे करायला येणारा खर्च एका रस्त्याच्या डांबरीकरणापेक्षा जास्त होणार नाही.

बाकीचं काम गावाचं. त्याची यादी लांबलचक नाही. गावाच्या आणि रानाच्या मधल्या कडेला जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा, कुठून जाते, तिच्यावर या वर्षी गवत काढलं का, हे पाहणं. राब, बांध आणि काजू-आंब्याच्या बागांतला पाचोळा जाळायचे दिवस ठरवून घेणं: सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, चार माणसं आणि पाण्याचे कॅन बरोबर ठेवून. घराभोवतीचं वाळकं गवत, पेंढ्याच्या गंजी, सरपणाचे ढीग भिंतीपासून दूर नेणं. खराट्याने वस्तीभोवती पाचोळ्याचा पट्टा झाडून काढणं. कोणत्या घरात चालता न येणारं माणूस आहे आणि त्याला कोण उचलणार, हे नावानिशी लिहून ठेवणं. आणि वनरक्षक, तहसील, दवाखाना आणि शेजारच्या दोन गावांच्या पोलीस पाटलांचे नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवणं.

यातलं एकही काम मार्चमध्ये करता येत नाही. मार्चमध्ये रान पेटलेलं असतं आणि वनरक्षक तीन डोंगर पलीकडे असतो. हे सगळं थंडीत, गवत पुरतं वाळायच्या आत, निवांतपणे करायचं काम आहे. २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरते. हंगाम सुरू व्हायला त्यानंतर जेमतेम तीन आठवडे उरतात. जंगलाकाठच्या प्रत्येक गावच्या सरपंचाने आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर वणवा हा विषय घ्यावा, वनरक्षकाला त्या सभेला बोलवावं आणि पथकातल्या माणसांची नावं ठरावात लिहून तहसीलला पाठवावीत. आणि आपल्या गावच्या पत्रिकेवर तो विषय नसेल, तर वाचकांपैकी कुणीही हात वर करून तो मांडावा.